सर्दी-तापात सायकल शर्यत: उतरावे की घरी थांबावे?

शुक्रवारी रात्री घसा खवखवायला लागतो आणि शर्यत रविवारी पहाटे असते. सहा महिने पहाटे साडेचारला उठून सराव केलेला असतो, प्रवेशशुल्क भरलेले असते, बिब नंबरही घरी आलेला असतो. अशा वेळी सायकलपटू डॉक्टरांना ‘मी आजारी आहे का?’ असे विचारत नाहीत. ‘रविवारपर्यंत उभे राहण्यासाठी काहीतरी द्या’ असे म्हणतात.

माझ्या एका पेशंटने असेच केले. चाळिशीतले गृहस्थ, नोकरी सांभाळून हौसेने सायकल चालवणारे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाणारी शर्यत होती. सकाळी अंगात कणकण होती, पॅरासिटामॉलची गोळी घेऊन ते निघाले. सपाटीवर सगळे छान चालले होते. आपण उगाच घाबरलो, असेही त्यांना वाटले. घाट लागल्यावर मात्र नेहमीच्याच वेगाला नाडी १४८ ऐवजी १६५ दाखवू लागली, पायांत जीव उरला नाही आणि भर उन्हात थंडी वाजायला लागली. एका वळणावर ते उतरून बसले आणि मागून येणाऱ्या टेम्पोतून परतले. ताप चार दिवस राहिला, पण पुढचे तीन आठवडे साधी ३० किलोमीटरची फेरीही त्यांना जड जात होती. ईसीजी आणि टू-डी इको नॉर्मल आले, ही त्यातली चांगली गोष्ट.

सुरुवात चांगली का वाटते?

कारण गोळीचा परिणाम असतो आणि शर्यतीच्या उत्साहात अ‍ॅड्रेनलिन वाढलेले असते. दोन्ही मिळून आजार झाकतात, बरा करत नाहीत. पेडल मारताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण पाऊण भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ती उष्णता घाम आणि त्वचेकडे वाढलेला रक्तप्रवाह बाहेर टाकतात. तापात शरीर आधीच तापलेले असते. ताप एक अंश सेल्सियसने वाढला की नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे १० ने वाढतात. त्यात रात्रभर घाम येऊन, नीट न जेवून शरीरातले पाणी कमी झालेले असते. हृदयाला स्नायूंनाही रक्त पुरवायचे आणि त्वचेलाही, ते जमत नाही. घाटात त्यांची नाडी वाढली ती यामुळेच. फिटनेस दोन दिवसांत कमी झाला नव्हता.

मानेच्या वर की मानेच्या खाली?

खेळाडूंमध्ये एक सोपा नियम रूढ आहे. नाक वाहणे, शिंका, घशात थोडी खवखव अशी लक्षणे फक्त मानेच्या वर असतील, तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीतून येणारा खोकला, धाप, जुलाब-उलट्या यांपैकी काहीही असेल, तर सायकल भिंतीला टेकवून ठेवायची.

नियम उपयोगाचा आहे, पण त्यात ‘हलका’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साध्या सर्दीत मध्यम व्यायाम केल्याने सर्दी वाढत किंवा लांबत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. शर्यत म्हणजे मध्यम व्यायाम नव्हे. त्यामुळे नुसती सर्दी असेल, तर मी पेशंटना सांगतो: १०-१५ मिनिटे हळू चालवून पाहा. बरे वाटले तर जा, पण वेळ नोंदवायला नको, फेरी मारायला जा. चढावर पुढच्याच्या मागे लागणार असाल, तर घरीच बरे. स्वतःला ओळखून उत्तर द्या.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी रोज मोजत असाल, तर तिचा इथे चांगला उपयोग होतो. ती नेहमीपेक्षा ८-१० ठोक्यांनी जास्त असेल आणि झोपही नीट झाली नसेल, तर शरीराने उत्तर दिलेले आहे.

हृदयाला सूज येण्याचा धोका

सर्दी-तापाचे काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात आणि त्याला सूज येते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. अशा हृदयावर जोराच्या व्यायामाचा ताण पडला, तर ठोक्यांची लय बिघडून माणूस अचानक कोसळू शकतो. स्वीडनमध्ये १९७९ ते १९९२ या काळात ओरिएंटिअरिंग, म्हणजे नकाशा घेऊन रानातून धावण्याच्या खेळातले १६ तरुण खेळाडू अचानक दगावले. तपासणीत त्यांच्यापैकी अनेकांच्या हृदयस्नायूंत दाहाच्या खुणा सापडल्या. त्यानंतर तिथल्या खेळाडूंना आजारपणात सराव थांबवण्याचा सल्ला दिला गेला.

हे दुर्मीळ आहे. प्रत्येक सर्दीत घाबरून इको करून घेण्याची गरज नाही. पण मायोकार्डायटिस झाल्यास साधारण ३ ते ६ महिने शर्यती बंद ठेवाव्या लागतात. त्यासमोर एक रविवार फार मोठा नाही.

पावसाळ्यानंतरचा ताप वेगळा समजा

आपल्याकडे पावसाळा सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि त्याच सुमारास सायकल शर्यतींचा हंगाम सुरू होतो. डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू शकतो, प्लेटलेट कमी होतात. ‘ताप गेला, आता मोकळा’ असे समजून त्या दिवशी सायकलवर बसणे ही घोडचूक ठरू शकते. पडलात तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. दोन दिवसांपेक्षा जास्त ताप असेल, तर रक्ततपासणी करून घ्या. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

जर्सीच्या खिशातल्या गोळ्या

पॅरासिटामॉल ताप उतरवते, म्हणजे थर्मामीटर फसतो. गोळी घेऊन ताप नाही, याला ‘ताप नाही’ म्हणत नाहीत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात पाणी कमी असताना किडनीला इजा करू शकतात, म्हणून शर्यतीआधी त्या टाळाव्यात. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्ये बहुधा झोप आणणारे औषध असते. घाट उतरताना ब्रेकवरच्या बोटांना अर्धा सेकंद उशीर झाला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. मागून येणारा घोळकाही तुमच्यावर विसंबून असतो. स्यूडोएफेड्रिन असलेले औषध घेतले असेल आणि शर्यतीत डोपिंग चाचणी होणार असेल, तर लघवीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रमाण आढळल्यास नियमभंग होतो. उरलेली अँटिबायोटिक्स मनाने घेऊ नका. विषाणूंवर ती चालत नाहीत आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांमुळे टाचेच्या वरच्या अकिलीस शिरेला इजा होऊ शकते.

पुन्हा सायकलवर कधी?

गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नसावा, भूक आणि झोप परत आलेली असावी. मग पहिल्या दिवशी २०-३० मिनिटे, सहज बोलता येईल इतक्या वेगाने. दुसऱ्या दिवशी थकवा वाढला नाही, तरच पुढे. जितके दिवस तापात गेले, किमान तितके दिवस हळूहळू वाढवण्यात घालवा. डेंग्यू किंवा न्यूमोनिया झाला असेल, तर हा हिशेब चालत नाही, डॉक्टरांकडून ठरवून घ्या. या काळात बुडालेला सराव दुपटीने भरून काढायला जाऊ नका. माझे ते पेशंट दहाव्या दिवशी ६० किलोमीटर गेले आणि पुन्हा आठवडाभर आडवे झाले.

आजारपणात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत सायकल चालवताना छातीत दुखले, धडधड अनियमित वाटली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा नेहमीच्या छोट्या चढावर धाप लागली, तर तिथेच थांबा. सायकल कोणाकडे तरी सोपवा आणि त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. छातीतले दुखणे थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर १०८ला फोन करा.