वापरलेल्या घरगुती वस्तूंची देवघेव (वर्धा जिल्हा)

वापरून झालेले किंवा नकोसे झालेले कपडे, भांडी, कागद, लाकडी सामान, विद्युत उपकरणे इ. वस्तू दुसऱ्याला देण्याच्या, विकण्याच्या, बदलून घेण्याच्या आणि मोडून पुन्हा कामी लावण्याच्या वर्धा जिल्ह्यातील रीती. अशा रीती महाराष्ट्रात सगळीकडेच आहेत. वर्ध्याचे वेगळेपण एवढेच, की येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाकाऊ वस्तूचा विचार अर्थशास्त्राचा विषय म्हणून झाला आणि नकोशी वस्तू गरिबाला द्यावी की नाही, हा प्रश्नही येथल्या माणसांनी गांभीर्याने घेतला. जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, वर्धा, हिंगणघाट व समुद्रपूर हे त्याचे आठ तालुके. मुख्य पीक कापूस, त्यामुळे येथल्या जुन्या वस्तूंच्या हिशोबात कापडाला पहिला मान.

सुती लुगडे किंवा धोतर घराबाहेर जाण्याआधी घरातच अनेकदा जन्म घेई. नेसून विरले की त्याचे जुनेर होई. जुनेरातून बाळाची दुपटी व लंगोट, जखमेवर बांधायच्या पट्ट्या, चटणी-लोणच्याच्या बरण्यांचे दादरे निघत, आणि उरलेल्याचे पोतेरे होई. त्याआधी गोधडी. मधल्या थरांत पार विरलेली जुनेरे, वर-खाली त्यातल्या त्यात धड लुगडे, आणि सगळ्याला धावदोरा घालून उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावली की ती शिवली जाई. गोधडी फाटली तर तिच्यावरच नवा थर चढे. अगदीच कामातून गेली की ती बैलगाडीत अंथरायला जाई. गादीतला दबलेला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरत. हे काम आता यंत्रावर होते, पण फोमच्या गाद्या आल्यापासून गिऱ्हाईक घटले आहे.

नव्या बाळाला जुन्याच मऊ कपड्याचे झबले घालण्याचा रिवाज होता. ज्या घरी मुले जगत नसत तिथे चार घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचे झबले शिवीत आणि मुलाचे नाव भिक्या किंवा चिंधू ठेवीत. नकोशा वस्तूकडे मृत्यूही बघत नाही, असा त्यामागचा समज. वर्ध्याजवळच्या पिंपरी (मेघे) येथे १९४८ मध्ये जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी ‘चिंधी’ म्हणत ते मात्र मूल जगावे म्हणून नव्हे, मुलगी नको होती म्हणून. पुढे टाकून दिलेल्या शेकडो मुलांना त्यांनी सांभाळले.

काही वस्तू कधीच टाकायच्या नसतात, त्यांत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले तो सजवून मिरवतात. जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथला तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी विदर्भभर प्रसिद्ध आहे. घरातला नंदी रंग उडाला की पुन्हा रंगवतात, चाक मोडले की सुताराकडून बसवून घेतात, आणि मुलगा मोठा झाला की तो धाकट्याकडे किंवा पुतण्याकडे जातो.

घरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक वस्तूंना मात्र दान नव्हे, मोबदला हवा असतो. जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे देणाऱ्या बाईशी होणारी घासाघीस, भंगार दिले की मुलांच्या हातावर पडणारी सोनपापडी, आणि भांड्यांच्या दुकानातली मोड हे त्याचे ओळखीचे प्रकार. मोडीत पितळेचे जुने भांडे वजनावर घेऊन त्याची किंमत नव्या भांड्यातून वजा करतात. कल्हईची कटकट नको म्हणून घरोघरचे पितळी गुंड आणि गंज असेच मोडीत गेले आणि स्टील आले. आता तेच गुंड शहरातल्या दिवाणखान्यांत शोभेला ठेवतात, आणि मोडीत मिळाले होते त्याच्या कितीतरी पट दाम मोजून.

भंगारवाल्याला या भागात कबाडीही म्हणतात. त्याचा ठेला म्हणजे वर्गवारीचे फिरते दुकानच. लोखंड, पत्रा व टीन, बीड (ओतीव लोखंड), जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम), पितळ, तांबे, रद्दी, पुठ्ठा, कडक प्लास्टिक, नरम प्लास्टिक, काच असे वेगवेगळे भाव असतात. कागद भिजलेला असेल तर वजन धरत नाहीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात घराघरात लागणारा लोखंडी कूलर हे या धंद्याचे हंगामी पीक आहे. सतत पाणी राहून त्याचा तळ सडतो. मग भंगारवाला जाळ्यांतले लाकडी तंतूंचे गवत झटकून टाकतो, पत्रा दाबून चपटा करतो, पंप बाजूला काढतो आणि मोटर उघडून तिच्या तारेवरचे लाखेसारखे आवरण नखाने किंवा पात्याने खरवडून बघतो. खाली लाल दिसले तर तांबे, पांढरे दिसले तर अ‍ॅल्युमिनियम. बऱ्याच स्वस्त मोटरींत हल्ली दुसरेच निघते, आणि भाव तिथल्या तिथे उतरतो. पुढे हा माल मोठ्या व्यापाऱ्यांच्या हातून वितळवणाऱ्यांपर्यंत जातो. राज्यात जालन्याचे सळई कारखाने मुख्यतः अशा भंगार लोखंडावर चालतात. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, तरी भंगाराच्या पोत्यात कोणत्या बाटल्या निघतात, याची चर्चा भंगारवाला करीत नाही आणि घरमालकही.

पालिकेच्या कोणत्याही योजनेपेक्षा या साखळीने अधिक वस्तू वाचवल्या, असे म्हणावे लागते. कारण साधे आहे. तिच्यात प्रत्येक हाताला चार पैसे सुटतात, आणि जे विकले जाणार नाही ते ती उचलतच नाही.

या व्यवहाराला विचाराची जोड मिळाली ती मगनवाडीत. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यात झाली. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी बाग व घर दिले, आणि गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) हे परदेशात शिकलेले हिशेबतज्ज्ञ होते, आणि त्यांची नजर शेवटपर्यंत हिशेबतज्ज्ञाचीच राहिली. निसर्गात काहीच वाया जात नाही, एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे अन्न होतो. माणसाच्या व्यवहारात हे चक्र तुटले की ती अर्थव्यवस्था भांडवल खाऊन जगते, असा त्यांचा युक्तिवाद. १९४०च्या दशकात तुरुंगात लिहिलेल्या त्यांच्या चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाचा हा पाया आहे. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

मगनवाडीत रद्दी व चिंध्यांपासून हातकागद तयार करीत. चिंध्या निवडायच्या, बटणे व शिवणी काढायच्या, तुकडे करून कुजवायच्या, कुटून लगदा करायचा, लगदा पाण्यात सोडून साच्यावर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, अशी ही कृती. सुती चिंधीचा कागद चिवट होतो, कारण तिचे तंतू लांब असतात. कृत्रिम धाग्याची सरमिसळ झाली की घाणा फसतो. ग्रामोद्योग संघाच्या वतीने कागदनिर्मितीवर पुस्तक लिहिणारे के. बी. जोशी पुढे पुण्याच्या हातकागद संस्थेशी जोडले गेले. ती संस्था १९४० मध्ये सुरू झाली. मगनवाडीतील मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केले. ग्रामोद्योगाची साधने व वस्तू तेथे आजही पाहता येतात. दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने (स्थापना १९७६, संस्थापक देवेंद्रकुमार) शेतातील टाकाऊ मालावर याच धाटणीचे काम केले. नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलेल्या चर्मालयात मेलेल्या जनावरांचे कातडे कमावून त्याच्या वहाणा होत.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावी राहायला आले. त्याच गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आलेल्या पत्रांची पाकिटे उलटी करून कोऱ्या बाजूवर मसुदे लिहिण्याची त्यांची सवय सर्वश्रुत आहे. त्याहून कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या घरांची. बापूकुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारली होती, आणि १९४६ मध्ये आश्रम सोडण्यापूर्वी ते ज्या आखरी निवासात राहिले, ते जमनालालजींनी आपल्यासाठी बांधलेले. म्हणजे घरही दुसऱ्याचे वापरलेले. जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला आलेले विचारवंत इव्हान इलिच बापूकुटीत बसून राहिले आणि तिच्यावर बोलले. सोयीच्या वस्तू जमवीत गेलेले घर हे राहण्याची जागा न उरता सामान ठेवण्याची जागा होते, आणि वस्तूगणिक माणसाचे परावलंबन वाढते, असे त्यांचे म्हणणे. नकोशा वस्तूंचे काय करावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर त्या आणण्याच्या आधीचे होते.

दानाचा प्रश्न त्याही आधी, १९२१ मध्ये उभा राहिला. विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. वर्ध्यात जमनालाल व जानकीदेवी बजाज यांनी घरातले भारी विदेशी कपडे होळीत घातले. देशात लोक उघडे असताना कापड जाळायचे कसे, ते गरिबांना का देऊ नये, असा सवाल गांधीजींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज आणि रवींद्रनाथ टागोर यांच्याकडून आला. गांधीजींनी त्याला दिलेले उत्तर आजच्या प्रत्येक कपडेसंकलनाला लागू पडते. जे आपण अंगाला लावणार नाही ते गरिबाला देणे हा त्याचा अपमान आहे, त्याला काम हवे आहे, उतरलेले कपडे नव्हेत. हे उत्तर कठोर आहे, आणि थंडीत कुडकुडणाऱ्याला ते पटेलच असे नाही. पण देणाऱ्याच्या सोयीवर त्याने बोट ठेवले, यात शंका नाही.

तीस वर्षांनी हाच पेच जमिनीच्या रूपाने आला. पवनारला आश्रम करून राहिलेल्या विनोबा भावे यांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान स्वीकारले. दान म्हणजे उपकार नव्हे, घेणाऱ्याचा तो हक्काचा वाटा आहे, ही त्यांची भूमिका. पुढे देशभरात ४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली, परंतु तिच्यातला मोठा हिस्सा खडकाळ, पडीक किंवा वादातला निघाला. देताना माणूस आधी आपल्याला नको असलेले बाजूला काढतो, हे पत्र्याच्या पेटीतल्या साड्यांबाबत खरे आहे तसे सातबाऱ्याबाबतही.

कपड्यांच्या दानाने अलीकडे नवे रूप घेतले. इराणमधील मशहद शहरात २०१५ च्या अखेरीस ‘दयेची भिंत’ सुरू झाली. पुढच्याच वर्षात महाराष्ट्रातील शहरांतून ‘माणुसकीची भिंत’ उभी राहू लागली. नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या, एवढाच तिचा नियम. घेणाऱ्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे तिचे बळ. दुबळेपणही तिथेच आहे. ठेवणाऱ्यालाही कोणी विचारत नाही, त्यामुळे चेन तुटलेल्या पँटी, एकेकटे बूट आणि लग्नातल्या उंची शेरवान्या तिथे साचतात, तर मापाचे शाळेचे गणवेश, ब्लाउजसकट साडी, धड चादर, स्वेटर, दप्तर यांना लागलीच हात लागतो. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने यावर वेगळा तोडगा काढला. तिथे कपडे आधी निवडले जातात, गावाने विहीर, रस्ता असे आपले एखादे काम केले की त्याचा मोबदला म्हणून ते दिले जातात, आणि अंगावर घालण्याजोग्या न उरलेल्या सुती कापडाच्या घड्या पाळीच्या वापरासाठी शिवल्या जातात. कळत-नकळत १९२१ च्या वादाला मिळालेले हे मधले उत्तर आहे.

याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटात १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमटे यांच्या आनंदवनात (वरोरा, जि. चंद्रपूर) टाकाऊ टायर व प्लास्टिक बांधकामात वापरण्याचे प्रयोग डॉ. विकास आमटे यांनी केले. पाणी अडवण्यासाठी जुन्या टायरांचे बंधारे हा त्यांतला प्रसिद्ध प्रयोग.

सरकारी चौकट उशिरा आली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवरील बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहरांनी जुने कपडे, पुस्तके, खेळणी, प्लास्टिक व चपला-बूट घेणारी ‘आरआरआर’ (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रे उघडली. जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी व सिंदी (रेल्वे) या नगरपरिषदा आहेत. खेड्यांत ही घडी ग्रामपंचायतीवर सोडलेली आहे, आणि तिथे भंगारवाल्याची फेरी हीच खरी व्यवस्था.

विद्युत उपकरणांसाठी २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार माल परत घेऊन त्याचे पुनर्चक्रीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रत्यक्षात जुना मिक्सर, टीव्ही किंवा चार्जर बहुतेक वेळा ठेल्यावरच चढतो, कारण तो दारात येतो आणि रोख देतो. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळण्याची पद्धत धोकादायक आहे. प्लास्टिकच्या आवरणातून निघणारा धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. वायर सोलून दिली तर भाव चांगला मिळतो आणि जाळावेही लागत नाही. ठेल्यावर न चढणाऱ्या वस्तूंची यादी आता वाढते आहे: फोमच्या गाद्या, थर्माकोल, भुशाच्या फळ्यांची फुगलेली कपाटे, फुटलेले सिरॅमिक, रेक्झिनच्या बॅगा, प्लास्टिकचा थर लावलेला चकचकीत कागद. मोडून त्यांतून काही निघत नाही, आणि दिले तर कोणी नेत नाही.