सोबतीची पारख

नर्मदेच्या परिसरातील जबलपूर हे उत्तर हिंदुस्थान आणि दक्षिण यांना जोडणाऱ्या वाटेवरचे शहर. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि पुढे वीस वर्षांनी इंग्रजांच्या हाती गेला. मिर्झापूरहून नागपूरकडे जाणाऱ्या या वाटेने व्यापारी, यात्रेकरू आणि रजेवर निघालेले शिपाई जात. त्यांतले काही घरी पोहोचतच नसत.

ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनने जबलपूर हे आपल्या कामाचे केंद्र केले. ठगांच्या सांकेतिक बोलीचा त्याने तयार केलेला कोश १८३६ साली प्रसिद्ध झाला. त्याची भिस्त माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर होती; म्हणून त्याचे निष्कर्ष आजचे इतिहासकार जपूनच स्वीकारतात. तथापि त्या जबान्यांतील एक रीत विचार करण्याजोगी आहे. ठग वाट अडवीत नसे; तो सोबतीला येई. वाट धोक्याची आहे, मिळून जाऊ, असे तोच सुचवी. प्रवासी फसे तो निष्काळजीपणामुळे नव्हे, तर सुरक्षिततेच्या इच्छेपायीच.

आजच्या वाटसरूच्या हाती स्मार्टफोन आहे. २००८ साली अॅपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनी अॅपची दुकाने उघडली. अॅपलने तटबंदी उभारून एकच वेस ठेवली. अँड्रॉइडने बाहेरून अॅप घेण्याचीही मुभा दिली. या दोहोंत निवड करताना सामान्य मनुष्य तटबंदीची उंची मोजीत नाही. किंमत परवडते का, घरची माणसे काय वापरतात, एवढेच तो पाहतो. पूर्वीचा प्रवासीही ज्या वाटेने चार माणसे जात, तीच वाट धरी. त्यात गैर काही नाही. पण खरा धोका बहुधा वाटेच्या निवडीत नसतो.

‘तुमचे खाते बंद पडेल, हे अॅप घ्या,’ असे सांगणारा आवाज बँकेच्या नावाने येतो. व्हिडिओवरून अटकेची धमकी देणारा पोलिसांच्या वेषात येतो. धन्यानेच आतून कडी काढली, तर तटबंदी काय करणार?

ठगांचा उपद्रव केवळ प्रवाशांच्या सावधपणाने ओसरला नाही. त्यासाठी संस्थानांच्या सीमा ओलांडणारा तपास आणि कायदा लागला. आजही फसलेल्याने लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवणे म्हणूनच अगत्याचे. मात्र त्याआधीचा एक प्रश्न ज्याने त्यानेच विचारावयाचा असतो : ही सोबत आपण शोधली, की तीच आपल्याला शोधत आली?