तळं रिकामं करण्याची विद्या

ज्यांनी माइनक्राफ्ट खेळलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हे ठोकळ्यांचं जग आहे, प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद आणि उंच. डोंगर फोडा, किल्ला बांधा, काहीही करा. पण एखादं मोठं तळं कोरडं करायला गेलात की घाम फुटतो. बादलीने पाण्याचा एक ठोकळा उचलला, की शेजारचे दोन उगम-ठोकळे मिळून ती जागा पुन्हा भरून टाकतात. मग लोक काय करतात? तळ्यात वाळू ओततात आणि ती परत उपसतात. किंवा भिंती घालून कप्पे पाडतात, एकेका कप्प्यात स्पंज टाकतात, आणि ओला स्पंज भट्टीत वाळवून पुन्हा वापरतात. एक उगम-ठोकळा चुकून राहिला तरी पाणी पुन्हा वाहायला लागतं.

गोम अशी की या खेळात पाण्याचा हिशोबच नाही. दोन बादल्या पाणी असेल तर अख्खं तळं भरता येतं. ते पाणी आलं कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. हिशोब असता तर काय झालं असतं, हे पाहायचं तर गोंदिया जिल्ह्याकडे बघावं लागेल.

गोंदिया म्हटलं की आपल्याला हावड्याच्या गाडीतलं एक स्टेशन आठवतं, फार तर तांदूळ. (१ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा, म्हणून आपल्या शाळेच्या नकाशात तो कदाचित नव्हताच.) पण गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांवर जुनी तळी आहेत. सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि त्याचं लघुरूप होतं ‘मामा तलाव’. सरकारी भाषेतून चुकून इतकं गोड नाव निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

यातली बरीच तळी कोहळी समाजाने बांधली. परंपरा अशी सांगते की चांद्याचा गोंड राजा काशीला यात्रेला गेला, तिथे त्याने या लोकांचं कसब पाहिलं आणि त्यांना इकडे आणलं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथातही कोहळींची ओळख तळी बांधणारे अशीच आहे. जो तळं बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन, असा राजाचा करार होता म्हणतात. आजच्या भाषेत, पगार नाही, थेट शेअर्स! नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर आहे. मारुती चितमपल्ली वाचलेल्यांना तो वेगळा सांगायला नको.

आता थोडं गणित, कारण सवय जात नाही. दहा हेक्टरचं मध्यम तळं घ्या, सरासरी खोली दोन मीटर. म्हणजे दोन लाख घनमीटर, खेळाच्या भाषेत दोन लाख ठोकळे. पाळीतल्या मोरीतून सेकंदाला शंभर लिटर पाणी सोडलं, तर ते रिकामं व्हायला साधारण तेवीस दिवस लागतात. स्पंज नको, वाळू नको. उन्हाचा हात वेगळाच. दिवसाला पाच मिलिमीटर वाफ धरली तरी एवढ्या तळ्यातून रोज पाचशे ठोकळे आपोआप उडतात. रिकामं करणं हा प्रश्न इथे नाहीच. कधी करायचं आणि कोणासाठी, हा आहे.

इथे पाऊस भरपूर, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. धानाला लोंब्या येण्याच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नेमका पाऊस दगा देतो. तळं असतं ते या पंधरा-वीस दिवसांसाठी. मोरी उघडायची, नहरातून पाणी बांधीत सोडायचं. आठवडाभर आधी सोडलं तर वाया, आठवडाभर उशीर झाला तर लोंब्या पोचट. बरं, सगळं पाणी सोडूनही चालत नाही. ढिवरांना मासे वाढायला पाणी हवं, गुरांना उन्हाळ्यात प्यायला हवं. शिवाय तळी एकाखाली एक, साखळीने असतात. वरच्याचा सांडवा खालच्यात. वरच्या गावाने केलेली चूक खालच्या गावाला भोगावी लागते.

आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडणं हेही बिघाडाचं लक्षण नव्हे. तेव्हाच गाळ काढता येतो आणि बैलगाडीने शेतात नेता येतो. पाळीची डागडुजीही तेव्हाच. सिस्टिम बंद असताना करायचं मेन्टेनन्स, दुसरं काय.

हे सगळं गोग्गोड होतं असं मात्र समजू नका. इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. मोरीची किल्ली त्यांच्या हातात, आणि गाळ उपसणाऱ्या पाठी बहुतेक वेळा कुळांच्या आणि वेठीच्या. तळ्यावर बसून जुन्या काळाचे उसासे टाकणाऱ्यांनी हे विसरू नये. पण मालगुजाराचंच धान त्या पाण्यावर असल्याने तळं बुजू देणं त्याला परवडणारं नव्हतं, हेही खरं.

विदर्भ तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५०मध्ये तिथे मालकी हक्क रद्द करणारा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला. बहुतेक तळी सरकारजमा झाली. १९५६मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. दहा वर्षांत तीन राज्यं! पुढे लहान तळी जिल्हा परिषदेकडे, मोठी पाटबंधारे खात्याकडे आणि मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने. गावाला निस्तार हक्क उरला, पण गाळ कोणी काढायचा या प्रश्नाचं उत्तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिलं.

मग तळी हळूहळू उथळ झाली. आमच्या हिशोबातल्या तळ्यात सरासरी एक मीटर गाळ बसला तर दोन लाखांचे एक लाख ठोकळे होतात, आणि वाफ मात्र तेवढीच राहते. खेळात वाळू टाकून पाणी हटवतात ना, अगदी तेच, फक्त इथे कोणाला ते करायचं नव्हतं. काठावरून बेशरम आत सरकली. नाव अगदी योग्य आहे, उपटली तरी फुटते. ठेक्याच्या तळ्यांत रोहू-कटला-मृगळचं बीज आलं आणि स्थानिक मासे कमी होत गेले.

सरकारने २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना चालवली. कल्पना जुनीच, यंत्र नवीन. पण जेसीबीने तळ नुसता खरवडला की खोली वाढते, पाणवनस्पती मात्र जातात, आणि त्यांच्यावर जगणारे मासे आणि पक्षीही. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस प्रामुख्याने याच जिल्ह्यात आहेत, तळ्यांच्या आणि धानाच्या आधाराने.

याला वेगळी वाट काढली ती भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या ढिवरांनी. माशांना कुठल्या वनस्पती लागतात हे ढिवरांना आधीपासून ठाऊक होतं, कुठल्या खात्याने ते विचारलं नव्हतं इतकंच. पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट खणून काढायची, तळ नांगरायचा आणि दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या. या कामात बायका मोठ्या संख्येने असतात. आणि ते उरकावं लागतं तळ उघडा असताना, मोठा पाऊस लागायच्या आत.