मागच्या फळीतला कर्णधार

२५ जून १९७८ रोजी ब्यूनस आयरिस येथे विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. यजमान अर्जेंटिना आणि हॉलंड यांची एकेका गोलाने बरोबरी झाली होती व नव्वदावे मिनिट सरत आले होते. हॉलंडला आपल्याच बाजूच्या मैदानात फ्री किक मिळाली. ती घेण्यास कर्णधार रूड क्रॉल पुढे झाला. त्याने लांबवर पाठविलेला चेंडू अर्जेंटिनाच्या बचावफळीमागे रॉब रेन्सेनब्रिंकच्या पुढ्यात पडला. रेन्सेनब्रिंकने तो अरुंद कोनातून गोलाकडे लोटला, आणि चेंडू खांबावर आदळून परतला. जादा वेळात अर्जेंटिनाने आणखी दोन गोल करून चषक जिंकला. या प्रसंगाची आठवण निघाली की नाव निघते ते रेन्सेनब्रिंकचे. चेंडू कोणी पाठविला होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. बचाव करणाऱ्यांच्या वाट्याला अशी उपेक्षा येतेच. तथापि पाठीमागे उभे राहूनही सामना घडविता येतो हे ज्याने दाखवून दिले, त्याच्या बाबतीत ती अधिक खटकते.

क्रॉलचा जन्म २४ मार्च १९४९ रोजी ॲमस्टरडॅम येथे झाला. त्याच शहरातील आयाक्स संघात त्याला कायमचे स्थान मिळाले ते एका पराभवामुळे. १९६९ साली युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इटलीच्या मिलान संघाने आयाक्सला ४-१ असे हरविले. त्यानंतर संघाचे शिक्षक रिनुस मिखल्स यांना डाव्या बाजूचा फुलबॅक थेओ फान डायफेनबोडे नकोसा झाला आणि त्याची जागा तरुण क्रॉलकडे आली. गंमत अशी की, दूर सारलेला तो खेळाडू रॉटरडॅमच्या फेयेनूर्ड संघात गेला आणि पुढच्याच वर्षी त्या संघाने युरोपियन कप पटकाविला!

मिखल्स यांच्या पद्धतीत फुलबॅकने आपल्या गोलापाशी पहारा करीत राहावे अशी अपेक्षाच नव्हती. मोकळी जागा दिसली की त्याने पुढे धावावे, आणि त्याची रिकामी जागा आघाडीच्या किंवा मधल्या फळीतील गड्याने मागे येऊन भरावी, असा तो शिरस्ता होता. प्रतिपक्षाकडे चेंडू गेला की सबंध बचावफळी एकाच वेळी पुढे सरके आणि समोरचे गडी ऑफसाइडमध्ये सापडत. यात एकाची वेळ चुकली तरी सारा डाव कोसळावयाचा. क्रॉलची चाल जलद होती, दोन्ही पायांनी तो चेंडू सफाईने मारी, आणि मुख्य म्हणजे घाई कधी करावी व कधी करू नये याचा त्याला उपजत अंदाज होता.

१९७१ साली वेंब्लीवर आयाक्सने पहिला युरोपियन कप जिंकला, तेव्हा पाय मोडल्यामुळे क्रॉल खेळू शकला नाही. १९७२ व १९७३ च्या विजयांत मात्र तो होता. मग संघ पांगला. १९७३ मध्ये योहान क्रायफ बार्सेलोनाकडे गेला. पुढच्या वर्षी नेस्केन्सही त्याच्यामागे गेला, कायझरने खेळ सोडला. १९७५ मध्ये हान व रेप यांनीही निरोप घेतला. क्रॉल राहिला. तो कर्णधार झाला, बचावफळीच्या मध्यभागी आला आणि नव्या पोरांना हाताशी धरून १९७७, १९७९ व १९८० साली त्याने आयाक्सला हॉलंडचे अजिंक्यपद मिळवून दिले. युरोपभर गाजलेल्या विजयांपेक्षा ही सात वर्षेच त्याच्या योग्यतेची खरी साक्ष देतात.

राष्ट्रीय संघातही असेच घडले. १९७४ साली म्युनिकच्या अंतिम सामन्यात गेर्ट म्युलरने पश्चिम जर्मनीचा विजयी गोल केला, तेव्हा आडवा आलेला क्रॉल तो चेंडू थोपवू शकला नाही. चार वर्षांनी क्रायफ अर्जेंटिनाला गेलाच नाही आणि सारा भार क्रॉलवर आला. अंतिम सामना सुरू होण्यापूर्वीच रेने फान डे केर्कोफच्या हाताला बांधलेल्या प्लास्टरवर अर्जेंटिनाने हरकत घेतली. आधीच्या सामन्यांत त्याच प्लास्टरनिशी तो खेळला होता! यजमानांच्या हजारो प्रेक्षकांसमोर हा वाद निपटून संघाला खेळास उभे करणे, हेही त्या दिवशी कर्णधाराचे काम ठरले.

१९८० मध्ये व्हँकूव्हर येथे थोडे दिवस खेळून क्रॉल इटलीतील नेपल्सच्या नापोली संघात दाखल झाला. परदेशी खेळाडूंना बंद असलेले इटलीचे दार त्याच वर्षी उघडले होते, तेही प्रत्येक संघाला एकच या हिशेबाने. बहुतेकांनी आघाडीचा किंवा मधल्या फळीतला गडी निवडला. नापोलीने गोल अडविणारा आणला. त्या नोव्हेंबरात दक्षिण इटलीला भूकंपाचा भीषण तडाखा बसला, तरीही त्या मोसमात नापोली अजिंक्यपदाच्या शर्यतीत राहून अखेर तिसरा आला. १९८४ च्या उन्हाळ्यात क्रॉल तेथून निघाला, आणि त्याच उन्हाळ्यात माराडोना नेपल्सला आला. तीन वर्षांनी त्या शहराने पहिले अजिंक्यपद साजरे केले; त्यापूर्वीच, १९८६ साली, फ्रान्समधील कान या दुसऱ्या श्रेणीच्या संघात क्रॉलने आपला खेळ संपविला होता. पुढे शिक्षक म्हणून त्याने आफ्रिकेत बराच काळ काढला. हॉलंडसाठी तो ८३ सामने खेळला. हा उच्चांक २००० सालापर्यंत कोणी ओलांडू शकला नाही.