शिक्का, तोतया आणि प्रमाणपत्र



मृगाच्या तोंडाशी घाटंजीकडचा माझा एक विद्यार्थी शेताचा सातबारा घेऊन माझ्याकडे आला. पीककर्जासाठी तो संगणकावरून काढून आणला होता. म्हणाला, "सर, आमचे बाबा विचारतात, यावर तलाठ्याची शाईची सही नाही, गोल शिक्का नाही, मग हा कागद खरा कसा मानायचा?"

या प्रश्नाला हसू नका. आपल्या वऱ्हाडात एके काळी निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल एकाच मुलखावर चाले. दोअमली म्हणत त्याला. अशा मुलखातल्या रयतेने कागद हाती येताच आधी शिक्का कोणाचा ते पाहावे, यात नवल काय? तेव्हा त्या बापाला उत्तर देण्यासाठी थोडे मागे जाऊ.

शिवाजीमहाराजांची संस्कृत राजमुद्रा आपण सर्वांनी चित्रात पाहिली आहे. १६४६ सालच्या पत्रावर ती उमटलेली आहे. पण पत्रावर ही एकच मुद्रा नसे. माथ्यावर मोठी मुद्रा, आणि मजकूर संपला की तिथे लहानशी मोर्तब. इथे मर्यादा झाली, अशा अर्थाची अक्षरे तिच्यावर असत. म्हणजे खाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत! लांब कागदाचे बंद एकमेकांना चिकटवीत, तिथे जोडावरही शिक्का मारीत. मधला बंद बदलला तर शिक्का जुळायचा नाही. शिवाय दप्तरात नोंद झाल्याच्या खुणा असत त्या वेगळ्याच. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कामे ठरली, तेव्हा राजपत्रे तपासून त्यांतले अधिकउणे अक्षर शोधणे आणि मग संमतीची खूण करणे, हे काम सचिवाकडे आले. पत्र राजाचे आहे असे सांगणारा एक जबाबदार माणूस मध्ये उभा राहिला. हा सचिव ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

एवढा बंदोबस्त असूनही दोन रोग उरलेच. दोन्हींची उदाहरणे पेशवाईत सापडतात.

पहिला रोग 'ध' चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी 'धरावे' असे लिहिले होते, त्याचे कोणीतरी 'मारावे' केले, अशी हकीकत घरोघर सांगतात. तिच्या तपशिलाबद्दल मतभेद आहेत. पण लोकांनी ती मनात का जपली, हे पाहा. माणूस खरा, पत्र खरे, आणि एका अक्षराने सगळे खोटे! शिक्का कागदावर बसतो. तो प्रत्येक अक्षराला बांधलेला नसतो.

दुसरा रोग तोतयाचा. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; पण पुढे एक मनुष्य "मीच भाऊ" म्हणून उभा राहिला, आणि कित्येक मातबर माणसे त्याच्या बाजूला गेली. अखेर १७७६ मध्ये पुण्यास त्याला देहान्त शिक्षा झाली. मध्यंतरी राज्याला केवढा ताप झाला! इथे अक्षर बदललेले नव्हते, माणूसच दुसरा होता.

आता दोनशे वर्षे ओलांडून पुढे या. संगणक एकमेकांशी तारांवरून बोलू लागले आणि हेच दोन रोग पुन्हा उपटले. वाटेत कोणी मजकूर बदलला तर? आणि पलीकडे बँकच आहे की बँकेचा तोतया?

१९७६ साली अमेरिकेत डिफी आणि हेलमन या दोघांनी एक विलक्षण कल्पना मांडली: किल्ली एक नको, जोडीची असू द्या. एक खासगी, जी मालकाने जिवापाड जपायची. दुसरी जाहीर, जी गावाला वाटायची. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गणिताने ती सिद्ध करून दाखवली. खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणीही पडताळून पाहावी. आणि ही सही मजकुराच्या अक्षराअक्षराला बांधलेली असते. 'ध' चा 'मा' झाला की सही जुळत नाही! पहिला रोग बरा झाला.

पण तोतयाचे काय? "ही घ्या भाऊंची जाहीर किल्ली" असे म्हणून कोणी आपलीच किल्ली पुढे केली तर? यावर १९७८ मध्ये कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तोड सुचवली: नाव आणि किल्ली एका पत्रात लिहून त्यावर विश्वासू अधिकाऱ्याने सही करावी. हेच प्रमाणपत्र. आपला सचिव परत आला तो असा! १९८८ मध्ये या पत्राचा नमुना जगासाठी ठरला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली लागू झाला. प्रमाणपत्रे देणाऱ्यांवर सरकारी नियंत्रक आला.

व्यवस्था लावायची ती अशी. कार्यालयाचा संगणक आधी आपली जोडकिल्ली तयार करतो. खासगी किल्ली घराबाहेर जात नाही. जाहीर किल्ली आणि नाव यांचा अर्ज प्रमाणन अधिकाऱ्याकडे जातो. तो चौकशी करून सही करतो. आपल्या यंत्रात मूळ अधिकाऱ्यांची ओळख आधीच भरलेली असते. समोरच्याने प्रमाणपत्र दाखवले की यंत्र सहीची साखळी त्या मुळापर्यंत तपासते, त्याच्याकडे खासगी किल्ली खरोखर आहे ना याचा पुरावा मागते, आणि मगच गुप्त बोलणे सुरू होते. जिथे जोखीम मोठी, तिथे दोन्ही बाजूंना प्रमाणपत्र दाखवावे लागते. प्रत्येकाला मुदत असते. किल्ली चोरीस गेली तर मुदतीआधीच ते रद्द करतात. शिक्षकमित्रांनो, शाळेतल्या जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपून तारीख मागे गेली की चांगली संकेतस्थळेही "असुरक्षित" दिसू लागतात, ती याच मुदतीपायी. आधी तारीख नीट करा!

मग काळजीच नाही का? आहे. सचिवच चुकला तर? २०११ मध्ये हॉलंडातल्या डिजिनोटार या संस्थेत चोर शिरले, खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि संस्था बुडाली. २०१४ च्या जुलैत आपल्याच राष्ट्रीय सूचना केंद्राच्या अधिकारात गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. नियंत्रकांनी ती साखळी लगेच रद्द केली. यंत्र गणित तपासते; सही करणाऱ्याची सचोटी आणि दक्षता माणसांनाच तपासावी लागते.

त्या बापाला मी काय सांगितले? महाराष्ट्रात २०१८ च्या मे महिन्यापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यातली सही डोळ्यांना दिसायची नाही. ती संगणकातल्या उताऱ्यात असते. छापील कागद ही तिची सावली. म्हणून कागदावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून मूळ उतारा पाहायचा आणि दोन्ही ताडून घ्यायचे. पोराने तसे केले. क्षेत्र जुळले, नाव जुळले.

पण बापाचा प्रश्न बरोबरच होता. कागद कोणाचा, आणि त्याला हे म्हणायचा अधिकार कोणी दिला, हे विचारायची सवय सोडू नका. पुढे जमीन आपली आहे!