चालतंय न्हवं? मग कशाला खोलताय?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुने मिस्त्री चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आत बेअरिंग कुरकुरतंय का, ते ऐकू येतं. कुरकुरत नसेल तर म्हणतात, “चालतंय न्हवं? मग कशाला खोलताय?”

लष्करी विमानांच्या बाबतीत हे शहाणपण यायला एक महायुद्ध लागलं. ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं तेव्हा अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधायची. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर तपासणी ठरलेली. कॉनरॅड वॉडिंग्टनच्या गटानं नोंदी मांडल्या, तर चित्र उलटंच: तपासणी झाली की बिघाड वाढायचे, मग हळूहळू कमी व्हायचे. उघडझाकीतच नवे दोष शिरत होते. (वॉडिंग्टन मूळचा जीवशास्त्रज्ञ. विमानाकडे जिवंत प्राण्यासारखं बघायला त्याला जड गेलं नसावं.)

१९७८ साली नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानभागांपैकी वय झालं म्हणून बिघडणारे भाग निघाले जेमतेम ११ टक्के.

आपल्याकडे ही गोष्ट नाशिकजवळच्या ओझरला येते. १९६४ साली तिथे मिगचा कारखाना उभा राहिला. पुढे हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही तिथेच आला. त्यानं २०१८ मध्ये ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-३० हवाई दलाच्या हवाली केलं. ओव्हरहॉलचा जुना नियम साधा: ठरलेले तास किंवा ठरलेली वर्षं भरली, की विमान खोला.

आता मिस्त्रीच्या कानाचं काम कंपनं मोजणारे सेन्सर करतात. इंजिनातल्या तेलाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरखाली जातो. त्यात लोह किंवा तांबं वाढलं, तर आत काय झिजतंय याचा अंदाज येतो. मग वेळापत्रक फेकून द्यायचं का? मला नाही पटत. सुटे भाग कित्येक महिने आधी मागवावे लागतात, हँगरमधली जागा मोजकी असते, आणि सगळी विमानं एकदम आजारी पडली तर उडणार कोण? म्हणून तब्येतीची नोंद थेट नियोजनात घ्यावी लागते: हे विमान आधी आत घ्या, त्याला अजून शंभर तास उडू द्या.

काही दुखणी तर तेलात उतरतच नाहीत. पंखाच्या मुळाशी पडणारी केसाएवढी भेग आवाज करत नाही. तिच्यासाठी विमान किती वेळा, किती जोरात वळलं याचा हिशेब ठेवावा लागतो. २६ सप्टेंबर २०२५ला निवृत्त झालेल्या मिग-२१ला तर इंजिनच एक होतं. ते हवेत बंद पडलं, तर वैमानिकाच्या हाती थोडे क्षण उरायचे.