तुंगारचें रान व आपला मुलूख

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीची, धर्मगुरूंच्या नामावळीची व निरनिराळ्या मंडळांच्या कार्याची हकीकत यावी, हें रीतीस धरूनच आहे. आम्हांस मात्र वाचकांची दृष्टि थोडा वेळ पूर्वेकडे वळवावयाची आहे. सकाळची मिसा आटोपून देवळाच्या पायऱ्या उतरतांना माडांच्या शेंड्यांपलीकडे जी निळसर भिंत दिसत असे, आणि आतां उंच इमारतींच्या फटींतून जी तुटक तुटक दिसते, ती तुंगारची. आपल्या वाडवडिलांनीं पावसाचा अदमास तिच्याकडे पाहून बांधला; परंतु धर्मग्रामांच्या इतिहासांत तिचें नांव सहसा आढळत नाहीं.

वसई तालुक्याची रचना मनांत आणावी. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पश्चिमेस समुद्र. समुद्रालगत रेताड जमीन. तीवर आपल्या वाड्या, केळी, पानवेली, फुलझाडें व माड. त्यामागें भाताचीं शेतें, खाजण व मिठागरें. १८६० च्या दशकांत ज्या भरावावरून आगगाडी धावूं लागली, त्याच्याही पूर्वेस जमीन चढूं लागते, ती दोन हजार फुटांहून उंच अशा तुंगारच्या माथ्यापर्यंत. आणि दक्षिणेच्या अंगास कामणदुर्गाचें शिखर. वाडी, शेत व रान या तिहींचा व्यवहार शतकानुशतकें एकमेकांशीं जोडलेला होता.

पावसाळा सरल्यावर सातिवलीच्या बाजूनें या रानांत शिरावें. महामार्गाचा कोलाहल हळूहळू मागें पडतो. तुंगारेश्वराच्या महादेवाच्या देवळाकडे जाणारी वाट ओढा पुनःपुन्हां ओलांडीत जाते. महाशिवरात्रीस याच वाटेनें यात्रेची मोठी गर्दी लोटते. साग, ऐन, खैर, बेहडा, कुसुंब, पळस हीं येथील झाडें. हिंवाळा संपतां संपतां साग आपलीं रुंद पानें टाकतो, तेव्हां मनुष्याचें पाऊल दुरून ऐकूं येतें. फाल्गुनांत पळस पेटतो, आणि कुसुंबाची तांबडी पालवी तर पाहणारास फुलांचाच भास करविते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. या ऐनाविषयीं पुढें अधिक सांगावयाचें आहे.

इ. स. १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्याखालील मुलूख फिरंग्यांच्या स्वाधीन केला. बंदराबरोबर इमारती लाकूडही त्यांच्या हातीं आलें. आगाशीस जहाजें बांधण्याचा धंदा त्यांच्या येण्यापूर्वींच चालत होता, आणि उत्तरेकडील अशेरीचा किल्ला तर तेथील सागाच्या रानामुळें त्यांना विशेष मोलाचा वाटे. वसईचा दगड गोव्यापर्यंत गेला. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूच्या दर्शनी भागाच्या कोरीव कामांत तो आजही पाहावयास मिळतो. लाकडाचें नशीब दगडासारखें नसतें. वसईच्या किल्ल्यांतील पडक्या देवळांत जावें: भिंती उभ्या आहेत, छपरें गेलीं आहेत, आणि भिंतींत ओळीनें खोबणी दिसतात, तेथें तुळया बसविलेल्या असत. कमानी सारेच पाहतात. त्या रिकाम्या खोबणी पाहणारा विरळा.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसई घेतली. फिरंगी सरदार व त्यांचे बहुतेक पाद्री निघून गेले. देवळांच्या घंटा देशावर गेल्या. त्यांतील एक भीमाशंकरच्या देवळापाशीं टांगलेली आहे असें मानितात, म्हणजे वसईचा एक आवाज दुसऱ्या एका मोठ्या रानांत जाऊन राहिला. मागें राहिले ते सामवेदी, वाडवळ, कोळी व इतर ख्रिस्ती लोक, त्यांच्या वाड्या आणि त्यांचीं शेतें. राज्य बदललें, धर्मगुरु बदलले. भाताचें रोप तयार करण्याची रीत मात्र बदलली नाहीं.

ती रीत म्हणजे राब. शहरांत वाढलेल्या आमच्या तरुण वाचकांस हा शब्दच अपरिचित असेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. हिंवाळ्यांत ऐनाच्या व तशाच इतर झाडांच्या फांद्या पानांसकट छाटीत. त्या वाळल्यावर रोपाच्या जागेवर पसरीत. त्यांवर शेण, गवत व पालापाचोळा घालून वर मातीचा पातळ थर देत, आणि उन्हाळ्यांत वाऱ्याच्या उलट दिशेनें त्यास हळू आंच लावीत. जमीन भाजून निघे, तणाचें बीं जळे, राख मुरे. पहिला पाऊस पडला, कीं त्या काळ्या जमिनींत भात पेरीत, आणि रोप वीतभर वाढलें म्हणजे तें उपटून चिखलांत लावीत. राबावांचून येथील भाताचें रोप जोमदार येत नाहीं, अशी शेतकऱ्याची ठाम समजूत होती. नव्या भाताचीं जीं कणसें भक्तिभावानें देवळांत आणलीं जात, त्यांच्या मुळाशीं अशी रानाची राख होती.

१८७८ च्या कायद्यानें रानांचे राखीव, संरक्षित असे भेद पाडले, आणि ज्या फांद्यांस आजवर कोणी मोजलें नव्हतें त्या मोजल्या जाऊं लागल्या. वनाधिकाऱ्यास दिसे तें खुंटलेलें झाड. शेतकऱ्यास दिसे तें रिकामें शेत. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतून गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं, कीं मुंबई सरकारनें १८८५ मध्यें त्यांच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमिलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें निघाला, आणि राब हा त्यांतील एक प्रमुख वादविषय होता. आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य होतें. वर्षानुवर्षें छाटलेला ऐन वाढत नाहीं, हें खरेंच. परंतु त्याच काळांत ठाणें जिल्ह्याच्या रानांतून मुंबईच्या चुलींसाठीं व आगगाडीसाठीं लाकूड जात होतें. शेतकऱ्याच्या कोयत्याचा हिशेब जितका काटेकोर झाला, तितका शहराच्या भुकेचा झाला नाहीं.

आणि रानांत राहणारांचें काय? वारली, मल्हार कोळी व कातकरी हे तुंगारच्या आसपासचे जुने रहिवासी. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. त्यांच्या नांवांतच त्यांचा धंदा आहे. डोक्यावर मोळी घेऊन उतरावें, बाजारांत ती विकावी व मीठ-मिरची घेऊन अंधार पडण्यापूर्वीं डोंगर चढावा, असा त्यांचा क्रम होता. पानवेल आपली, परंतु पानांत घालावयाचा कात त्यांचा. २००६ च्या कायद्यानें वनवासी जनांचे हक्क मान्य झाले खरे. परंतु कागदावर मान्य झालेला हक्क पदरांत पडेपर्यंत किती हेलपाटे घालावे लागतात, हें त्यांच्या पाड्यावर बसून ऐकावें.

२००३ मध्यें तुंगारेश्वरचें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचा विस्तार सुमारें ८५ चौरस किलोमीटर आहे. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं आपल्या विहिरींचें गोडें पाणी या डोंगरांतून झिरपत येतें. किनाऱ्यालगतच्या विहिरींत मुख्यतः आपल्याच वाडीवर पडलेला पाऊस सांठलेला असतो. तो खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, आणि उपसा मर्यादेपलीकडे गेला कीं खालचें खारें पाणी वर येतें. यासाठींच पूर्वजांनीं वाडीवाडीस बावखलें खणलीं, पावसाचें पाणी त्यांत अडविलें. डोंगराचें पाणी आपणांस मिळतें तें निराळ्या वाटेनें: पेल्हारच्या धरणांतून नळावाटें. रहाट गेले, पंप आले, टँकर आले, बावखलें बुजवून त्यांवर घरें उठलीं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती या पाण्यासाठीं व या हिरवळीसाठीं. फादर २०२४ च्या जुलैमध्यें देवाघरीं गेले. अलीकडे कांहीं गांवांतील तरुण जुनीं बावखलें उपसूं लागले आहेत. ज्यांच्या वाडींत बावखल अद्याप शिल्लक आहे, त्यांनीं तें येत्या पावसापूर्वीं उपसून घ्यावें, अशी आमची विनंति आहे.

तुंगारच्या रानांत बिबट्या राहतो, हें सर्वांस ऐकून ठाऊक होतें. २०२४ च्या मार्चअखेर वसईच्या किल्ल्याच्या परिसरांतच एक बिबट्या दिसला, आणि आसपासच्या वस्तींत भय पसरलें. वनखात्यानें पिंजरे लाविले. जवळजवळ पंचवीस दिवस तो त्या पडक्या भिंतींच्या व झाडोऱ्याच्या आडोशानें राहिला, आणि एप्रिलमध्यें पिंजऱ्यांत सांपडला.